बुलेटचं इंजिन कव्हर घरीच चमकवा

जुन्या बुलेटचं ॲल्युमिनियमचं इंजिन कव्हर पांढुरकं पडतं, आणि वरून कितीही पॉलिश चोळलं तरी ढिम्म. बऱ्याचदा वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, जुना थर असतो. आधी तो पेंट रिमूव्हरने काढा. रबरी हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. मग:

१. ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा सँडपेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) साबणाच्या पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासा. खोल ओरखडे नसतील तर थेट ८०० पासून सुरुवात करा.

२. पुढे ८००, १२००, २०००. दर नंबरला घासायची दिशा आडवी बदला. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढचा कागद. खरी मेहनत इथेच. राहिलेली रेघ घरात दिसत नाही, उन्हात लगेच डोळ्यांत भरते.

३. सुती बनियनच्या तुकड्याने मेटल पॉलिश. काळं निघेल, ते वाळायच्या आत पुसा.

पावसाळ्यापूर्वी वरून मेणाचा पातळ हात द्या.

कॉस्टिक सोडा किंवा टॉयलेट क्लीनरच्या वाटेला मात्र जाऊ नका, दोन्ही ॲल्युमिनियम खातात.