व्हिसा हातात पडला, आता ब्रेक्झिट समजून घ्या

जानेवारीत महिनाभर कोल्हापुरात राजारामपुरीला माहेरी असते, तेव्हा रोज कुणीतरी पोराला घेऊन येतं. "काकू, ह्याला इंग्लंडात लेस्टरला ॲडमिशन मिळालीय, काय काय न्यायचं सांगा." ते पाच मिनिटांचं काम. छोटा कुकर न्या, थर्मल तिकडे घ्या, कांदा-लसूण चटणी लागेल तेवढी बांधा. नरसोबाच्या वाडीची बासुंदी आणि पेढे नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, डब्यासकट काढून घेतात.

वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टीत. हा व्हिसा आपल्याला कशामुळे मिळाला, हेच पोरांना माहीत नसतं.

मी २०१० मध्ये शिकायला गेले. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं. पोलंडचा माणूस नुसतं ओळखपत्र घेऊन यायचा आणि लगेच कामाला लागायचा. आपल्याकडे गोव्यातले पोर्तुगीज पासपोर्टवालेही तसेच थेट यायचे. स्विंडनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. आपल्याला मात्र पायरीपायरीला व्हिसा. शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरी करायची सोय होती, तीही एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली. माझ्याबरोबरची बरीच पोरं डोक्यावर कर्ज घेऊन परत आली.

मग २३ जून २०१६. संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, तरी मी मत दिलं, कारण कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथे मतदानाचा हक्क आहे. शेजारची पोलिश बाई माझ्याही आधीपासून तिथे राहणारी, कर भरणारी. तिला मत नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या मुलीला सांभाळत होती, म्हणून मी केंद्रावर जाऊ शकले. अजून आठवलं की कसंतरीच होतं.

५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं. हेच ते ब्रेक्झिट. शंभरच्या घरातला पौंड एका रात्रीत नव्वदीला आला आणि इथल्या घराचा हप्ता मला एकदम जड झाला. आपल्यातल्याही काहींनी बाहेर पडायला मत दिलं होतं. युरोपवाले थांबले की करी हाउसला आपले आचारी आणता येतील, असा प्रचारच झाला होता.

प्रत्यक्षात घडलं ते असं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, २०२१ उजाडताच युरोपीयांची मुक्त ये-जा थांबली. त्याच सप्टेंबरात लॉरी ड्रायव्हरच मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. माणसं तर हवीच होती. जुलै २०२१ पासून शिक्षणानंतरची दोन वर्षं परत आली, २०२२ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना, म्हणजे 'केअर'च्या कामाला, व्हिसे खुले झाले. युरोपीयांच्या रिकाम्या जागी आपण गेलो. ज्यांनी बाहेरची माणसं कमी व्हावीत म्हणून मत दिलं, त्यांना जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात येणारे वजा जाणारे ९ लाखांहून जास्त दिसले. ते चिडणारच की!

तो राग आता तुमच्या कागदांवर उतरतोय. जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला नवरा-बायकोला नेता येत नाही. जुलै २०२५ मध्ये केअरसाठी परदेशातून भरती बंद झाली आणि कुशल कामगाराच्या व्हिसाला पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवख्यांना सवलतीची ३३,४००. दोन वर्षांची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाची. म्हणजे कर्जाचा हिशोब दीड वर्षावर करा. एजंट अजून दोनच सांगतो.

एजंटावरून आठवलं. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनी देते तो कागद, विकत मिळत नसतं. कुणी त्याचे लाख मागितले तर उठून या. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी तिथल्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे, नाव त्यात शोधा. कंपनीचा परवाना गेला तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं शेत गहाण टाकून केअरची नोकरी मिळवली होती. तिला त्या ६० दिवसांत झोप नव्हती.

बेलफास्टला जाणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा: ते ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडात येतं, आणि तिथून आयर्लंड या वेगळ्या देशातल्या डब्लिनला बसनं जाताना सरहद्द कळतही नाही. १९९८ च्या शांतता करारामुळे ती उघडी आहे आणि ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत सगळ्यात जास्त घोळ तिच्यावरूनच झाला. पण तुम्हाला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतोच.

नोकऱ्यांबद्दल फार बोलत नाही. सरकारचीच अंदाजपत्रक तपासणारी संस्था म्हणते, ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील. मुलाखतीला ते जाणवतं. एक बरं झालं: संघाबाहेर असल्यामुळेच ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता आला. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, त्यात पादत्राणांवरची १६ टक्क्यांपर्यंतची जकात शून्यावर आणायचं ठरलंय. चप्पल लाइनीतल्या माझ्या चुलतभावानं तेव्हापासून तीनदा फोन केलाय.

आणि पोचल्यावर कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, कागद येईल, मतदार यादीसाठी घरात कोण कोण राहतं विचारणारा. फेकू नका. मतदार यादीत नाव लागलं की बँकेत पतही थोडी सुधारते. माझी पोलिश शेजारीण नंतर ब्रिटिश नागरिक झाली. आता मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी बरोबर जातो.