शेळी पिंजऱ्यात न कोंडता मोजा चाऱ्याची पचनीयता

जत, आटपाडी, माण, खटाव पट्ट्यात शाळूची काढणी उरकली की नवा कडबा गोठ्यावर येतो. तो शेळीच्या अंगी किती लागतो, हे पाहायला फेब्रुवारी-मार्च सोयीचे. चिखल नसतो आणि वावटळींची धूळही अजून सुरू झालेली नसते.

जुन्या रीतीत शेळी पिंजऱ्यात ठेवून आठवडाभर सगळी लेंडी गोळा करतात. शेळी बावरते, खाणं तोडते, एक माणूस त्यातच अडकतो. त्यापेक्षा चाऱ्यातल्याच सिलिकाचा, म्हणजे आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा, आधार घ्या. ही राख पचत नाही, त्यामुळे चारा जितका पचेल तितकं लेंडीत तिचं प्रमाण वाढतं. पाण्याचा अंश वगळून चाऱ्यात ३ टक्के आणि लेंडीत ७.५ टक्के राख आली, तर ३ ÷ ७.५ × १०० = ४०. शंभरातून ४० वजा केले की पचनीयता ६० टक्के.

सारख्या वजनाच्या, जंताचं औषध दिलेल्या चार ते सहा शेळ्या घ्या. १४ दिवस तोच चारा, तेवढाच खुराक. पुढचे ५ दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीची २०-३० ग्रॅम ताजी लेंडी घ्या. चाऱ्याचे नमुने एक दिवस आधी सुरू करा, कारण आजचं खाल्लेलं बाहेर पडायला एक-दोन दिवस लागतात.

खरा घात माती करते. मातीत सिलिका भरपूर, म्हणून जमिनीवरची लेंडी उचलूच नका. वरच्या हिशेबात मातीमुळे ७.५ ऐवजी ९ टक्के आले, तर तोच कडबा ६७ टक्के पचल्यासारखा दिसतो. माचाणाखाली धुतलेलं शेडनेट ताणून बांधा; मूत गळून जातं, लेंडी वर राहते. माती चाटणारी किंवा हगवण लागलेली शेळी वगळा.

कडबा अख्खा टाकू नका. शेळी पाला ओरबाडते, ताटं सोडते. पाल्यात सिलिका जास्त असल्याने पचनीयता फुगून दिसते. २-३ सेंटिमीटर कुट्टी करा, टांगलेल्या गव्हाणीत द्या, उरलेलं रोज तोला आणि त्याचाही नमुना ठेवा. खुराकावरच पोसलेल्या शेळ्यांना ही रीत लावू नका. मका, पेंडीत सिलिका इतकी कमी की आकडा भरवशाचा येत नाही.

तपासणीसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारणा करा. नमुने सावलीत, कापडाखाली वाळवा. पिशवीवर बिल्ला क्रमांक, तारीख, वेळ लिहा. पाट्यावर वाटू नका, दगडाची कणी मिसळते. नमुना अख्खाच पाठवा.