दीर्घकालीन वेदना आणि अपंगत्व भत्त्याचे मूल्यांकन : तयारी कशी करावी

अपंगत्व भत्त्यासाठी होणारे मूल्यांकन वेदना मोजत नाही. वेदनेमुळे माणसाला काय करता येत नाही, एवढेच ते पाहते. हा फरक लक्षात न घेता अर्ज करणारे पुष्कळ लोक 'पाठ फार दुखते', 'रात्रभर झोप लागत नाही' असे लिहून थांबतात आणि ज्या अधिकाऱ्याला गुण किंवा टक्के द्यायचे असतात, त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. शिवाय दीर्घकालीन वेदना अनेकदा एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणून स्वतंत्र स्थान आहे. आपल्या डॉक्टरांनी कागदोपत्री हे निदान नेमक्या नावाने लिहिले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

त्यानंतर आपण ज्या योजनेसाठी अर्ज करणार आहोत, तिचे निकष मिळवून शब्दशः वाचावेत, कारण प्रत्येक ठिकाणची मोजपट्टी वेगळी असते. इंग्लंड व वेल्समधील 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' या २०१३ पासून लागू झालेल्या भत्त्यासाठी दैनंदिन जीवनातील १० आणि हालचालीशी संबंधित २ कृती तपासल्या जातात. एका गटात ८ गुण मिळाले तर साधा दर आणि १२ मिळाले तर वाढीव दर लागू होतो. अमेरिकेत केवळ लक्षणे सांगून भागत नाही. त्यामागे वैद्यकीय तपासणीतून सिद्ध होणारा विकार असावा लागतो आणि तो किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकण्याची शक्यता असलेला असावा लागतो. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे आणि बहुतेक राखीव सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. त्या यादीत वेदना हा स्वतंत्र प्रकार नाही, त्यामुळे अर्ज वेदनेच्या नावाने न करता तिच्या मुळाशी असलेल्या सांध्यांच्या, मणक्यांच्या किंवा मज्जासंस्थेच्या विकाराच्या नावाने करावा लागतो. नियम वाचायला कंटाळवाणे असतात हे खरे, पण निकष न वाचता भरलेला अर्ज बहुधा आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी सांगतो आणि विचारलेल्या गोष्टी वगळतो.

ब्रिटिश नियमांतील एक तरतूद इतर कोणत्याही देशात अर्ज करणाऱ्यानेही विचार करण्याची पद्धत म्हणून उचलावी, इतकी ती उपयुक्त आहे. एखादी कृती 'करता येते' असे तेव्हाच मानले जाते, जेव्हा ती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, गरज असेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता येते. निरोगी माणसाला एरवी जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असेल, तर तो वाजवी मानला जात नाही. वेदनेच्या रुग्णाची खरी अडचण बहुतेक वेळा याच चार प्रश्नांत असते. 'तुम्हाला स्वयंपाक करता येतो का?' या प्रश्नाला 'हो, येतो' हे उत्तर खोटे नसते, पण ते अपुरे असते. भाजी चिरताना दोनदा बसावे लागते, हातातली पकड सुटल्यामुळे गरम भांडे उचलणे धोक्याचे झाले आहे, एक वेळचा स्वयंपाक केल्यावर संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी उभे राहता येत नाही आणि त्यामुळे आठवड्यातले बहुतेक दिवस कोणीतरी दुसरे स्वयंपाक करते, हे सगळे सांगितले तरच चित्र पूर्ण होते. प्रत्येक कृतीसाठी हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत आणि पाचवा प्रश्न आपल्याकडून जोडावा : ती कृती केल्यानंतर पुढचे काही तास किंवा दुसरा दिवस कसा जातो? चालण्याबाबतही हेच खरे आहे. 'थोडे चालता येते' असे न लिहिता किती मीटर चालल्यावर थांबावे लागते, थांबल्यावर पुन्हा निघायला किती वेळ लागतो आणि तेच अंतर त्याच दिवशी पुन्हा चालता येते का, हे लिहावे.

वेदना रोज सारखी नसते, आणि मूल्यांकनात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ब्रिटिश नियमांत, एखादी अडचण वर्षभरातल्या निम्म्याहून अधिक दिवसांत येते का, हे पाहिले जाते. अमेरिकेत दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ५ दिवस सातत्याने काम करता येईल का, असा विचार होतो. दोन्हीकडे प्रश्न सातत्याचा आहे. म्हणून केवळ सर्वांत वाईट दिवसाचे वर्णन करू नये आणि चांगल्या दिवसाचेही करू नये. बरे दिवस किती, वाईट दिवस किती आणि वाईट दिवशी नेमके काय बंद पडते, हे वेगवेगळे सांगावे.

त्यासाठी काही आठवडे नोंदवही ठेवणे हा उत्तम उपाय आहे. रोज दोन-चार ओळी पुरतात : झोप कशी झाली, अंघोळ व कपडे घालणे कोणाच्या मदतीने झाले, कोणते काम अर्धवट सोडले, कोणती गोळी घेतली आणि तिच्यामुळे गुंगी किंवा मळमळ आली का. ० ते १० या आकड्यांत वेदना लिहिण्याची पद्धत दवाखान्यात ठीक असली, तरी मूल्यांकनासाठी तिचा उपयोग फार थोडा, असे माझे मत आहे. 'आज वेदना ८' या नोंदीपेक्षा 'आज मोजे घालता आले नाहीत' ही नोंद अधिक बोलते. ज्या दिवशी काही केले नाही, त्या दिवसाचीही नोंद करावी, कारण त्रास होईल म्हणून टाळलेले काम हाही अडचणीचाच पुरावा असतो. मात्र नोंदी त्या त्या दिवशीच कराव्यात. मागाहून एका बैठकीत लिहून काढलेली वही वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

कागदपत्रांच्या बाबतीत, दुखणे अंगावर काढणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते. वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे न जाता सोसत राहिलेल्या माणसाच्या फाइलमध्ये काहीच नसते आणि फाइलमध्ये नाही म्हणजे त्रास नाही, असा अर्थ सहज काढला जातो. उपचार थांबवला असेल, तर त्याचे कारण लिहावे. औषध सोसले नाही, फिजिओथेरपीने त्रास वाढला किंवा डॉक्टरांनीच यापुढे उपाय नाही असे सांगितले, यांपैकी जे खरे असेल ते. डॉक्टरांकडून पत्र घेताना नुसते निदान न मागता आपल्या हालचालींवरील मर्यादांबद्दल दोन वाक्ये लिहिण्याची विनंती करावी. केसपेपरवर 'प्रकृती स्थिर' असे लिहिलेले असते, तेव्हा डॉक्टरांना आजार वाढलेला नाही एवढेच म्हणायचे असते, पण वाचणारा त्याचा अर्थ बरे वाटते आहे असा करतो. घरात जी व्यक्ती प्रत्यक्ष मदत करते, तिचे सही केलेले निवेदनही जोडावे. अर्जासह प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि अर्ज एका बैठकीत पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये, कारण थकलेल्या अवस्थेत लिहिलेली शेवटची उत्तरे हमखास त्रोटक होतात.

प्रत्यक्ष मूल्यांकनाच्या दिवशी सोबत कोणीतरी असावे. मुलाखत फोनवर असली, तरी शेजारी बसून टिपणे घेणारी व्यक्ती उपयोगी पडते. मधे उठण्याची, उभे राहण्याची किंवा आडवे होण्याची गरज पडणार असेल, तर ते आधीच कळवावे आणि गरज पडताच तसे करावे. उसने अवसान आणून तासभर ताठ बसून राहिल्यास 'अर्जदार तासभर आरामात बसला' अशी नोंद होऊ शकते. मूल्यांकन करणारी व्यक्ती केवळ उत्तरे ऐकत नाही, तर आपण खुर्चीतून कसे उठतो, पिशवी कोणत्या हाताने उचलतो, हेही टिपत असते. वरवर गप्पांसारखे वाटणारे प्रश्नही माहिती काढण्यासाठीच असतात. 'इथपर्यंत कसे आलात?' याला 'गाडीने' एवढे उत्तर न देता वाटेत कुठे थांबावे लागले, आणि आज इथे येण्यासाठी आदल्या दिवशी काय काय टाळले, हे सांगावे. 'कसे आहात?' याला सवयीने दिलेले 'बरा आहे' हे उत्तरसुद्धा अहवालात जाऊ शकते. हात वर करा, वाका, असे सांगितले तर जिथे कळ येते तिथे थांबून तसे स्पष्ट बोलावे. तोंडाने न सांगितलेली वेदना कागदावर येत नाही.

औषधे नेहमीप्रमाणेच घ्यावीत. त्रास अधिक दिसावा म्हणून गोळी चुकवणे किंवा लंगडण्याचे सोंग करणे चुकीचे तर आहेच, पण त्यातून उरलेल्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. दुसरीकडे, लाजेपोटी शौचालयात किंवा अंघोळीत लागणारी मदत लपवणारे अर्जदार सोंग करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असावेत, असे मला वाटते. हे प्रश्न अवघड वाटत असतील, तर त्यांची उत्तरे आधीच लिहून न्यावीत आणि वाचून दाखवावीत.

मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी काय विचारले गेले आणि आपण काय उत्तर दिले, याचे टिपण करावे. पुढचे दोन-तीन दिवस दुखणे उसळेल असे धरून कामे व भेटी ठेवू नयेत. ती उसळी कशी होती, याचीही नोंद वहीत करावी.

निर्णय विरोधात गेला, तर आधी मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत मागवावी आणि तारखा पाहाव्यात. ब्रिटनमध्ये फेरविचारासाठी सर्वसाधारणपणे १ महिना, तर अमेरिकेत निर्णय मिळाल्यापासून ६० दिवस मिळतात. भारतात अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबाबतच्या निर्णयावर अपील करण्याची तरतूद २०१६ च्या अधिनियमातच आहे. फेरविचाराच्या पत्रात आपल्यावर अन्याय झाला, असे पानभर लिहिण्याचा मोह होतो, पण त्याचा उपयोग होत नाही. अहवालातील एकेक विधान घ्यावे, ते का बरोबर नाही हे एका-दोन वाक्यांत लिहावे आणि त्यापुढे पुराव्याच्या कागदाचा उल्लेख करावा : 'अहवालात विनाअडथळा चालतात असे म्हटले आहे, फिजिओथेरपिस्टच्या सोबत जोडलेल्या पत्रात काठीशिवाय चालता येत नाही असे नमूद आहे.' भत्ता मंजूर झाला, तरी तो अनेकदा ठरावीक मुदतीपुरताच असतो. म्हणून अर्जाची प्रत, अहवाल आणि नोंदवही एकाच फाइलमध्ये ठेवावी, मुदत संपण्याची तारीख त्या फाइलवर लिहावी, आणि तब्येतीत वा मदतीच्या गरजेत बदल झाला तर तो संबंधित कार्यालयाला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.