नाशकात बसून कांदळवनातल्या लाकडावरची बुरशी कशी बघायची

बॉटनीची पोरं बुरशीवर प्रोजेक्ट म्हटलं की द्राक्षावरची भुरी-डाऊनीच धरतात, जरा वेगळं हवं असेल तर हे करा. आपल्याकडे समुद्र नाही, पण त्र्यंबक-जव्हारवरून डहाणूला उतरलं की खाडी आणि तिवरं आहेत, आणि खरं काम तर घरी आल्यावरच सुरू होतं.

जायचं ओहोटीला. कोकणातला हिशोब सोपा, तिथीची पाऊणपट करा, अंदाजे तेवढ्या वाजता भरती, म्हणजे पंचमीला पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाला ओहोटी. कांदळवन संरक्षित आहे, वनखात्याला आधी विचारा आणि जिवंत झाडाला हात लावू नका. चिखलात पडलेलं मेलेलं लाकूड घ्या, वीतभर तुकडा पुरे. ज्यावर बार्नेकल (कडक कवचाचे, चिकटून राहणारे समुद्री जीव) चिकटलेत ते बेस्ट, कारण ते बराच काळ खाऱ्या पाण्यात होतं हे कळतं. तिवर, कांदळ, चिपी या झाडांच्या लाकडाच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, लेबल पेन्सिलने लिहा, शाई फुटते. खाडीचं पाणीही बाटलीभर आणा.

घरी चिखल हलक्या हाताने धुवा, तुकडा झिपलॉकमध्ये ओल्या टिश्यूवर ठेवा आणि कुकरमध्ये चांगलं उकळून गार केलेलं खाडीचंच पाणी फवारा, नळाचं नको. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी असते की टिश्यू अधूनमधून चेक करावाच लागतो. दोनेक आठवड्यांनी पहिल्यांदा बघा, मग काही महिने बघत राहा, काही जाती खूप उशिरा फळतात (म्हणजे बीजाणूंची फळं धरतात), त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून तुकडा फेकायचा नाही. हिरवी पावडर दिसली तर खुश होऊ नका, ती बहुतेक पेनिसिलियम नाहीतर अ‍ॅस्परजिलस, म्हणजे आपली नेहमीची जमिनीवरची पाहुणी.

लाकडावरच्या समुद्री बुरश्या बहुतेक अ‍ॅस्कोमायसिटीज (पिशवीसारख्या कोषात बीजाणू करणाऱ्या), फळं एक मिलीमीटरपेक्षाही लहान, काळे ठिपके, अर्धे लाकडात रुतलेले, म्हणून ब्लेडने वरचा पापुद्रा काढून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघायचं. कॅलिक्रोमा टेथिस मात्र पिवळी-नारिंगी असते, सापडली की मजा येते. हॅलोसायफिना व्हिलोसा पांढुरकी, आणि ती चक्क मशरूमच्या गटातली.

स्लाइड आधी खाऱ्या पाण्यातच करा, कॉटन ब्ल्यू (बुरशी रंगवायचा निळा रंग) नंतर, कारण बऱ्याच जातींच्या बीजाणूंना नाजूक शेपट्या असतात आणि ओळख त्यांच्यावरच ठरते. अँटेनोस्पोरा क्वाड्रिकॉर्नुटाच्या बीजाणूला चार लांब शेपट्या, दोन्ही टोकांना दोन-दोन. हॅलोसार्फियात त्या गुंडाळलेल्या असतात आणि पाण्यात हळूहळू उलगडून लांब दोरे होतात, तेव्हा जरा थांबून बघा. या शेपट्यांमुळेच बीजाणू पाण्यात तरंगतो आणि दुसऱ्या लाकडाला चिकटतो.

विविधता मोजताना एकूण किती तुकडे, त्यातल्या किती तुकड्यांवर ती जात, याची टक्केवारी काढा, ठिपके मोजत बसू नका. एका तुकड्यावर तीन-चार जातीही निघतात, सगळ्या लिहायच्या. आणि फोटो काढला तरी तुकडा वाळवून पाकिटात ठेवा, नाव चुकलंय असं वाटलं तर परत बघायला तोच लागतो.