लेझर-प्लाझ्मा गटात पहिलं वर्ष कसं काढायचं

गेल्या महिन्यात कॉलेजातल्या एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, ब्रिटनमध्ये पीएचडी मिळाली, लेझर-प्लाझ्मा. सामानात काय आणू आणि आधी काय वाचू?" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. तुमच्यापैकी कोणी याच वाटेवर असेल तर तुम्हीही वाचा.

वाचायचं थोडंच आहे. 1979 चा ताजिमा आणि डॉसन यांचा पेपर चारच पानांचा आहे. होडी गेली की मागे पाण्यात लाट उठते, तशी प्रकाशाची आखूड स्पंद प्लाझ्मातून, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतून, गेली की मागे इलेक्ट्रॉनची लाट उठते, आणि त्या लाटेवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात. कल्पना झकास, पण तेवढा जोरदार लेझर तेव्हा कुणाकडेच नव्हता. 1985 मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मुरू यांनी वाट काढली: स्पंद आधी ताणायची, मग तिची ऊर्जा वाढवायची, मग पुन्हा दाबायची. त्यासाठी 2018 चं नोबेल मिळालं. एवढं समजलं की बाकीचं इथे आल्यावर जमतं.

आल्या-आल्या पहिलं काम म्हणजे दोन आरसे आणि दोन छिद्रं. किरण दोन्ही छिद्रांच्या बरोबर मधून न्यायचा. जवळच्या छिद्रासाठी पहिला आरसा फिरवायचा, लांबच्यासाठी दुसरा, मग परत पहिला, परत दुसरा. चार-पाच फेऱ्यांत जमतं. मी पहिल्या दिवशी उलटं करत होते, आणि दर फेरीला किरण आणखी लांब पळत होता. दोन तासांनी एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर गटात काम करणारा संशोधक) मागे येऊन उभा राहिला, काही न बोलता आरशांवर "1" आणि "2" अशा चिकटपट्ट्या लावल्या आणि गेला. हे हाताला वळण लागल्याशिवाय मोठ्या लेझरजवळ जायची घाई करू नका.

सुरक्षेच्या तासाला झोप येईल, तरी एक ऐका. घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर काढून ठेवायच्या, कारण चकाकणारी प्रत्येक वस्तू म्हणजे नको तिथे लावलेला आरसा. आपला किरण बहुधा 800 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डोळ्याला तो जेमतेम लालसर दिसतो, म्हणून मवाळ वाटतो, पण तो अजिबात मवाळ नसतो. पेन खाली पडलं तर टेबलाच्या उंचीला डोळे आणून वाकू नका. पेन राहू द्या.

विद्यापीठातल्या लॅबमध्ये छोटा लेझर असतो, पण प्रबंधाचा खरा डेटा बहुतेकांना राष्ट्रीय केंद्रातच मिळतो. आमच्यासाठी ते म्हणजे ऑक्सफर्डशरमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतला जेमिनी लेझर. त्याच्या एका किरणात साधारण 15 ज्यूल ऊर्जा, 30 फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), दर 20 सेकंदांना एक शॉट. वेळ मिळावा म्हणून अर्ज करायचा, तज्ज्ञांची समिती निवडते, आणि निवड झाली की काही आठवडे तुमचे. त्याला सगळे 'बीमटाइम' म्हणतात. एरवी आरामात चालणारा गट तेव्हा लग्नघरासारखा होतो.

बीमटाइममध्ये नव्या माणसाच्या हाती देतात ती शॉट-शीट. शॉटचा नंबर, वेळ, ज्याचा प्लाझ्मा होतो त्या गॅसचा दाब, तो सोडणाऱ्या नोझलची उंची, कॅमेऱ्यापुढे कोणते फिल्टर. कारकुनी वाटते. मलाही वाटली. आमचे इलेक्ट्रॉन चुंबकातून वळून लॅनेक्सच्या पडद्यावर आदळतात. दवाखान्यात एक्स-रेसाठी वापरतात त्या जातीचा हा पडदा, इलेक्ट्रॉन लागले की हिरवा चमकतो. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कमी वळतो, म्हणून पट्टा कुठे पडला यावरून ऊर्जा कळते आणि किती उजळ त्यावरून इलेक्ट्रॉन किती. एका दुपारी अचानक सुंदर, बारीक, उजळ पट्टे यायला लागले. कॅमेरा आंधळा होऊ नये म्हणून कोणीतरी एक फिल्टर वाढवला, आणि मी स्क्रीनकडे बघत बसले. साठेक शॉट झाल्यावर लक्षात आलं की तो रकाना रिकामाच आहे. नेमका कोणत्या शॉटपासून फिल्टर बदलला? कुणालाच आठवेना. पार्श्वभूमीच्या उजेडावरून ते शोधून काढण्यात माझे तीन आठवडे गेले. तेव्हा नियम साधा: आधी लिहा, मग बघा.

बाकी वेळ वाट बघण्यात जातो. चेंबर उघडलं की हवा काढायला वेळ, लेझर रुसला की आणखी वेळ. या वेळात तुम्ही कसे वागता, यावर बरंच ठरतं. चहा करायला उठलात तर खोलीतल्या प्रत्येकाला विचारून करा. (चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी. आपल्या चहाची आठवण मनातच ठेवा.) लेझर चालवणाऱ्या मंडळींना हुकूम सोडू नका. संध्याकाळी "अजून दहाच शॉट" म्हणायची वेळ येते, तेव्हा अर्धा तास थांबायचं की नाही ते त्यांच्या हातात असतं, आणि त्यातल्या कित्येकांना तो लेझर तुमच्या गाइडपेक्षा जास्त कळतो.

गाइडला नावाने हाक मारायची. माझ्या जिभेवरचं "सर" जायला चार महिने लागले. ग्रुप मीटिंगला अर्धवट, बिघडलेला आलेखसुद्धा न्या. "सगळं नीट झालं की दाखवते" ही आपली सवय इथे महाग पडते. मी महिनाभर ज्या विचित्र उंचवट्याशी झुंजत होते, तो एकाने बघताक्षणी ओळखला: कॅमेऱ्यात शिरलेलं प्रतिबिंब.

वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा. मी पहिल्या वर्षी दिवसभर वाट बघत बसले आणि संध्याकाळी हिरमुसून घरी गेले. दिवाळीत मात्र शंकरपाळी नेली, तर सिम्युलेशनवरचं भांडण दहा मिनिटं थांबलं.

शुक्रवारी पबमध्ये जा. दारू प्यायलाच हवी असं नाही, लिंबू-सोड्याला कोणी हसत नाही. पण एकेकाने सगळ्यांसाठी आणायची रीत आहे, तुमची पाळी चुकवू नका. कुठला प्रयोग का फसला हे पेपरात नसतं, ते तिथे कळतं.

जानेवारीतले रविवार जड जातात. लंडन जवळ असेल तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात एक चक्कर मारा, ते 1932 पासून आहे.

सामानाचं राहिलंच. छोटा कुकर आणि जाड मोजे. फोडणी देताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. अलार्म वाजला की अख्खी इमारत पावसात उभी राहते, आणि तुमच्या अंगाला मोहरीचा वास येत असतो.