वनबाग शिकायची तर एका झाडापासून

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती-बाग उभी करायची पद्धत, आणि वनबाग म्हणजे त्याच रीतीने, जंगलासारखी थराथरांनी लावलेली बाग. तिची सुरुवात बहुतेक जण कागदावर करतात. नकाशा, रंगीत खडू, सात थरांची आकृती. माझा आग्रह वेगळा आहे: आधी जमिनीवर उतरा. चार-पाच मीटर लांबी-रुंदीचा तुकडा पुरतो.

पहिलं काम पाणी बघण्याचं. जोराचा पाऊस सुरू असताना बाहेर पडा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठे माती ओढून नेतं, तिथे काड्या रोवा. नंतर फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दिवसभर तसंच राहिलं, तर ओल न सोसणारी झाडं तिथे नकोत.

उतार असेल तर एका पातळीतल्या जागा शोधायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘A’च्या आकाराची चौकट, करा. सारख्या लांबीच्या दोन काठ्यांची टोकं बांधा, मध्ये एक आडवी काठी, आणि वरून दोरीला दगड. दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग त्याच जागी चौकटीच्या दोन पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोरी दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये आली की दोन्ही पाय एका पातळीत. तसे पुढे सरकत खुंट्या ठोका. खुंट्यांची ओळ सरळ येत नाही, जमिनीच्या अंगाने वळत जाते. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा जमीन नव्याने कळते. पाणी अडून जिरावं म्हणून त्या ओळीवर चर खणा आणि माती खालच्या अंगाला टाका. तीव्र उतारावर मात्र चर नको, माती घसरते.

आता लागवड. वनबागेची कल्पना रुजवणारे रॉबर्ट हार्ट यांनी इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये उंच झाडं, बुटकी झाडं, झुडपं, पालेदार रोपं, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेली असे सात थर लावले. पहिल्या वर्षी सातही भरायची घाई नको. एक फळझाड, शेजारी हवेतला नत्र जमिनीत आणणारं शेंगवर्गीय झुडूप, मधमाश्यांसाठी फुलं आणि माती झाकणारं काहीतरी, एवढंच लावा. अंतर ठरवताना रोपाकडे बघू नका, पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर धरा. मी दाट लावली होती. पुढे चांगली वाढलेली झाडं कापताना जीव कळवळला. आता आधी घेर दोरीने आखते, मगच खड्डा.

जमीन भिजवून वाळलेल्या पानांचं वीतभर जाड आच्छादन घाला. खोडाभोवती चार बोटं मोकळी सोडा. काही महिन्यांनी एक कोपरा उचकून बघा. खालची पानं जाळीदार झालेली, पांढरे बुरशीचे धागे पसरलेले, मातीला पावसासारखा वास, म्हणजे काम चालू आहे.

तारखेसह सगळं वहीत लिहा, मेलेली रोपंही. मेलेलं रोप फेकण्याआधी त्याची मुळं पाहा. गोल गुंडाळलेली असतील तर ते पिशवीत फार दिवस राहिलं होतं. काळी, लिबलिबीत असतील तर पाणी जास्त झालं. कोरडी, पटकन मोडणारी असतील तर कमी पडलं. पुढचं रोप त्याप्रमाणे लावा.