ऑप्टोकप्लर निवडताना या चुका टाळा

ऑप्टोकप्लर, म्हणजे ऑप्टो, सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवतो: एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला त्या उजेडाने चालू होणारा ट्रान्झिस्टर, मध्ये विजेचा जोड नाही. हेच आयसोलेशन. आता पाहा, टेबलावर बोर्ड व्यवस्थित चालतो. पॅनेलमध्ये बसवला की भर दुपारी सिग्नल गायब होतो आणि संध्याकाळी आपोआप परत येतो. असा बोर्ड हातात आला की मी प्रोग्रॅम उघडण्याआधी ऑप्टोच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावतो. ऑप्टो चालू असताना कलेक्टर-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला, तर ट्रान्झिस्टर अर्धवटच ओढतोय. बहुतेक वेळा सीटीआरचा हिशेब चुकलेला असतो.

सीटीआर म्हणजे एलईडीत सोडलेल्या करंटच्या किती टक्के करंट पलीकडचा ट्रान्झिस्टर ओढू शकतो ते प्रमाण. सर्रास वापरला जाणारा पीसी८१७ घ्या. ५ मिलिअँपिअरला त्याचा सीटीआर ५० ते ६०० टक्के. एकाच नंबरखाली बारापट फरक! ए ग्रेड ८० ते १६०, सी ग्रेड २०० ते ४००. दुकानात नुसतं ‘पीसी८१७ द्या’ म्हटलं तर यातला कोणताही मिळू शकतो.

आता २४ व्होल्टचा फ्लोट स्विच (टाकीतली पातळी सांगणारा) धरा. ४.७ के रेझिस्टरमधून एलईडीला साधारण ४.८५ मिलिअँपिअर मिळतात. आउटपुटला, म्हणजे कंट्रोलरच्या पिनला, ५ व्होल्टकडे ओढून धरणारा १ के रेझिस्टर (पुल-अप) लावला, तर पिन पूर्ण खाली ओढायला जवळपास तेवढाच करंट हवा, म्हणजे सीटीआर १०० टक्के. सी ग्रेडचं सँपल सहज पास होतं. पुढच्या लॉटमध्ये ८० टक्क्यांचा ए ग्रेड आला की पिन १.१ व्होल्टवरच अडकते. उन्हात सीटीआर आणखी उतरतो, आणि वर्षानुवर्षं जळून एलईडीही मंदावतो. पुल-अप १० के करा: अर्धा मिलिअँपिअर पुरतो, १० टक्के सीटीआरवरही काम भागतं. हिशेब नेहमी किमान सीटीआरवर, तोही निम्मा धरून करा. पुल-अप तसाच ठेवून एलईडीचा रेझिस्टर २.२ के केला तर आज सुटल्यासारखं वाटेल, पण पाव वॉटचा रेझिस्टर भाजत राहील आणि एलईडी लवकर म्हातारा होईल.

मोठ्या पुल-अपने ऑप्टो बंद व्हायला वेळ लागतो. फ्लोट स्विचला त्याचं काही नाही. पण ११५२०० बॉडच्या सिरीयल डेटात एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, तिथे पीसी८१७ नको. ६एन१३७ हा वेगवान ऑप्टो घ्या, आणि त्याच्या सप्लाय पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

फॅन रेग्युलेटरसाठी एमओसी३०४१ हा ट्रायॅक चालवणारा ऑप्टो घेऊ नका. तो झीरो-क्रॉसिंगवालाच आहे, म्हणजे मेन्सचा व्होल्टेज शून्यापाशी असतानाच चालू होतो, वेग कमी-जास्त होणारच नाही. एमओसी३०२१ने होतो, पण तो ४०० व्होल्टचा, आणि आपल्या २३० व्होल्टचं शिखरच ३२५. मी ६०० व्होल्टचा एमओसी३०५२ वापरतो.

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक म्हणजे चांगला ऑप्टो घेऊन दोन्ही बाजूंचे ग्राउंड जोडून टाकणं. बाजारातल्या बऱ्याच रिले मॉड्यूलवर रिलेचा सप्लाय (जेडी-व्हीसीसी) कंट्रोलरच्या सप्लायला (व्हीसीसी) जोडणारा जंपर असतो. तो तसाच ठेवला की रिले आणि कंट्रोलर एकाच सप्लायवर येतात, आयसोलेशन संपलं. जंपर काढा, रिलेला वेगळा सप्लाय द्या, आणि कंट्रोलरकडून फक्त व्हीसीसी आणि इनपुटच्या वायरी न्या, ग्राउंडची नको. सगळे सप्लाय काढून दोन ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी तपासा. बीप वाजला तर कुठेतरी जोड आहे.

डेटाशीटवरचे ५००० व्होल्ट ही एका मिनिटाची चाचणी आहे, रोज सोसायचा व्होल्टेज नव्हे. शिवाय ती ऑप्टोची, तुमच्या पीसीबीची नाही. ऑप्टोच्या पोटाखालून ग्राउंडचं तांबं पसरलेलं असेल, तर पायांमधलं सातेक मिलिमीटरचं अंतर तुम्हीच एखाद-दोन मिलिमीटरवर आणलेलं असतं. तिथलं तांबं पूर्ण काढा. मेन्सचं काम असेल तर खाली स्लॉटही कापून घ्या.